सतरा मॅच सलग हरलो, अठरावी लावली. फायटिंग गेमचे रुग्ण इथे कोणी आहेत का?

टाकीवरचा_कावळा (धागाकर्ता), शुक्रवार, रात्री १२.५२

वय ४३, नोकरी बँकेत, मुलगी सहावीत. एवढं आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी "बाळा, अभ्यास कर" म्हणायचा.

दिवाळीत भाच्याने नवं मशीन घेतलं आणि जुना प्लेस्टेशन ४ माझ्या गळ्यात मारला. सोबत स्ट्रीट फायटर ६. आता लहानपणी ठाण्यात स्टेशनजवळच्या एका गाळ्यात स्ट्रीट फायटर २ वर मी राजा होतो. राजा म्हणजे काय, चाळीतल्या पाचसहा पोरांत. पण होतो. म्हटलं, सायकल काही विसरत नाही माणूस.

आज नऊला बसलो. सतरा मॅच. सतराही गेल्या. मी सिल्व्हरमध्ये आहे, म्हणजे फार वरचा पण नाही.

शेवटची मॅच सांगतो. समोर केन (गेममधलाच एक लढवय्या). उडी मारून आला, लाथ घातली, मी आडवा. उठतोय तर थ्रो, म्हणजे पकडून आपटणं. परत उठतोय तर परत थ्रो. तिसऱ्यांदा म्हटलं आता थ्रोच येणार, आणि तो तोडायला बटण दाबलं. तर गडी एक पाऊल मागे सरकला. माझे दोन्ही हात हवेत, मिठी मारायला कोणी नाही, आणि त्याने चहाचा घोट घेतल्यासारखा निवांत अख्खा कॉम्बो (एकाला लागून एक फटके) घातला. मॅच संपली, हा निघून गेला. परत खेळणार का, विचारलंसुद्धा नाही.

चीड हरल्याची नाही हो. उडी येणार हे मला माहीत होतं. डोक्याला माहीत होतं, अंगठ्याला कळवायचं राहून गेलं. अंगठ्याला फोड आलाय तो वेगळाच.

बायकोने विचारलं, एवढा त्रास होतो तर खेळतोस कशाला? मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येतंय का बघा. मी अठरावी लावून आलो (हरलो).

---

वऱ्हाडी_ठेचा, रात्री १.०५

सतरा हे काहीच नाही भाऊ. मागच्या रविवारी मी एकतीस हरलो. बत्तिसावी जिंकलो तं समोरच्याने वायरच उपटली. बोला आता.

---

आजोबा_ऑनलाइन, सकाळी ६.१०

शेवटी मारामारीच ना? रात्री एक वाजेपर्यंत जागून दोन बाहुल्यांना एकमेकांचे दात पाडायला लावायचे. तेवढ्या वेळात पुस्तक तरी वाचून झालं असतं. (हलके घ्या.)

---

बारक्या२००४, सकाळी ९.३०

काका, थ्रो आणि उडी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही एकाच रागात मोजताय.

गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. एक चित्र म्हणजे एक फ्रेम. सगळा हिशोब फ्रेममध्ये. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत धडधाकट माणसाला १२ ते १५ फ्रेम लागतात. थ्रो सुरू व्हायला लागतात ५. म्हणजे थ्रो बघून कोणालाच तोडता येत नाही, तुम्हाला नाही, मला नाही, जपानच्या चॅम्पियनला नाही. तिथे निव्वळ अंदाज. ते रंग उडवत येणारं ड्राइव्ह इम्पॅक्ट असतं ना, ज्यात समोरचा अंगावर दोन फटके झेलून पुढे येतो, त्याला २६ लागतात. ते दिसतं, पण तुम्ही दुसऱ्याच विचारात असाल तर नाही दिसत. आणि उडी? जवळपास ४५ फ्रेम. पाऊण सेकंद माणूस हवेत असतो!

म्हणून थ्रोबद्दल वाईट वाटून घेऊ नका. उडीबद्दल घ्या.

तुम्हाला उडी का दिसत नाही सांगू? तुम्ही स्वतःच्या कॅरेक्टरकडे बघता. सगळे नवीन लोक बघतात. समोरच्याच्या थोडं वर, रिकाम्या जागेकडे डोळा ठेवा. ट्रेनिंग मोडमध्ये बाहुलीला एकदा चालणं आणि एकदा उडी असं रेकॉर्ड करून द्या, ती उलटसुलट करत राहील. उडी आली की वरचा ठोसा. रोज शंभर.

---

टाकीवरचा_कावळा, सकाळी ९.४८

काका नको रे. दादा चालेल.

रोज शंभर? दिवसभर लोकांच्या केवायसी बघून आल्यावर रात्री बाहुलीच्या उड्या मोजू?

(रंग उडतात ते मला वाटायचं ग्राफिक्सच तसे आहेत.)

---

मेघमल्हारी, सकाळी ११.१५

मोजायच्या. त्यालाच रियाज म्हणतात. मी आठ वर्षं तबला शिकले, म्हणून हा त्रास मला ओळखीचा वाटतो. "तिरकिट" डोक्यात केव्हाच बसलेलं असतं. बोटं आपली दोन महिने "तिर... किट... थांबा जरा" करतात. आणि एक दिवस, बहुतेक कंटाळून दुसराच विचार करत असताना, तो बोल सरळ निघतो.

माझा गेम टेकन. टेकन ३ पासूनची आहे मी. आतेभावाच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सात भावंडं आणि दोन कंट्रोलर. मी एडी घ्यायचे, म्हणजे तो ब्राझीलचा कापोएरावाला. दोन लाथांची बटणं पोळपाटावर लाटणं आपटल्यासारखी बडवायची, तो आपला कोलांट्या मारत सगळ्यांना लोळवायचा. भाऊ इतके चिडायचे की एडीवर बंदी आली. तिथे पहिल्यांदा कळलं की या गेममध्ये न शिकताही माणूस जिंकतो, पण फक्त दुसऱ्या न शिकलेल्याशीच.

आता मिशिमा घराण्याचा जो प्रसिद्ध ठोसा आहे, ज्याला सगळे "इलेक्ट्रिक" म्हणतात, त्याची कथा ऐका. पुढे दाबायचं, सोडायचं, खाली, मग खाली-पुढे तिरकं. ते तिरकं आणि उजव्या हाताचं बटण एकाच फ्रेममध्ये पडलं पाहिजे. सेकंदाचा साठावा भाग. चुकलं तर ठोसा येतोच, पण साधा, आणि समोरच्याने अडवला की मार तुम्हीच खाता. बरोबर पडलं की निळी वीज चमकते आणि आवाज वेगळा येतो. पुडीवर थाप नीट बसली की जो नाद येतो ना, तसा. मला पहिली वीज पाडायला अकरा दिवस लागले. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "काय गं, काय फुटलं?" मी ओरडले होते.

आजोबा, हे दात पाडणं वरून दिसतं तेवढंच. आत तालाचा हिशोब आहे.

---

पन्हाळ्याचा_पाहुणा, दुपारी १.२०

मेघाताईंना +१, पण माझं म्हणणं तालमीच्या बाजूनं.

आमचे चुलते लाल मातीतले. कुस्ती लागली की पहिली दोन मिनिटं नुसती खडाखडी चालायची. हाताला हात, मानेवर हात, एक पाऊल पुढं, अर्धं मागं. बाहेरचा माणूस वैतागायचा, "अरे लढा की!" पण चुलते म्हणायचे, कुस्ती तिथंच झालेली असती, पुढचा डाव म्हणजे नुसती पोचपावती. समोरच्याचा कुठला पाय जड पडतोय, दाबल्यावर तो मागं जातो का अंगावर येतो, हे सगळं खडाखडीत कळतं.

फायटिंग गेमवाले ज्याला "फुटसीज" म्हणत्यात ती हीच खडाखडी. कावळेबुवा, तुमचा तो केन मागं सरकला आणि तुमचे हात हवेत गेले, तो काय लकी नव्हता. पहिले दोन थ्रो त्यानं तुम्हाला शिकवायला मारले. तुम्ही शिकला, आणि तुम्ही शिकलाय हे त्याला माहीत होतं.

आणि आजोबा, कुस्ती बघायला जाता का कधी? ती पण मारामारीच की.

---

आजोबा_ऑनलाइन, दुपारी १.४५

कुस्तीला जातो. प्रश्न मागे घेतो. अर्धा.

---

फोंड्याचो, दुपारी ३.००

अवांतर. मुस्तफा आठवतो का कोणाला? निळी बनियन, पिवळी टोपी, धावत येऊन लाथ. आमच्या इथे बाजारात एकाच दुकानात मशीन होतं.

---

वऱ्हाडी_ठेचा, दुपारी ३.१२

मुस्तफा कोण विसरेल बाप्पा! खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३चा. हे मला वयाच्या पस्तिशीत कळलं. आमच्याकडे गेमचं नावच मुस्तफा. पण त्याच्यात दोघं मिळून गुंडांना मारायचं. धागा एकमेकाले मारायचा आहे.

---

टाकीवरचा_कावळा, दुपारी ३.४०

पार्लरचा विषय निघालाच आहे तर लिहितो.

आमच्या गाळ्यात एक रुपयाचं नाणं, नंतर दोन रुपये. स्ट्रीट फायटर २ ला सहा बटणं, तीन ठोसे, तीन लाथा. आमच्या मशीनवर डाव्या बाजूचं मोठ्या लाथेचं बटण मेलेलं. मालकाला सांगितलं तर म्हणायचा, "पाच बटणं चालतात ना? मग पाचाने मार." त्यामुळे जिंकणाऱ्याला उजवी बाजू आणि नव्या पोराला डावी, हा कायदा. मला स्वतःचा राजेपणा आठवतो, आणि आज लिहिताना लक्षात येतंय की मी कायम उजवीकडे असायचो.

बाकी कायदे : थ्रो मारायचा नाही (मारलास तर "पकड नाही, पकड नाही!" असा गलका). कोपऱ्यात कोंडून मारायचं नाही. गाईल घेऊन खाली बसून राहायचं नाही. म्हणजे जे जे चालतं ते सगळं बंद. माझं बालपण असल्या संरक्षणात गेल्यावर आज थ्रो लागणार नाही तर काय.

आणि धालसिम कोणी घ्यायचं नाही. कायदा नव्हता तसा, पण आपल्याच देशाचा माणूस असून तो इतका हळू चालायचा की सगळ्यांना लाज वाटायची. गळ्यात कवट्या, तोंडातून आग, रबरासारखे हात, आणि त्याला म्हणे योग. मागे हत्ती ओरडतायत.

---

बारक्या२००४, दुपारी ३.४४

काका, धालसिमच्या मुलाचं नाव दत्ता आहे. खरंच. बायको सॅली, मुलगा दत्ता.

---

टाकीवरचा_कावळा, दुपारी ३.४५

दत्ता!!! आता मी धालसिमच घेणार.

---

सॅनहोजेकर, संध्याकाळी ७.३० (तुमची)

उशिरा आलो. नेटवर्कचं काम करतो, म्हणून एका गोष्टीवर लिहितो. ऑनलाइन हरल्याचा निम्मा राग लॅगवर (बटण पोचायला नेटवर लागणाऱ्या उशिरावर) निघतो, आणि लोक चुकीच्या जागी काढतात.

पूर्वी बहुतेक ऑनलाइन फायटिंग गेम "थांबा" पद्धतीने चालायचे. समोरच्याचं बटण तारेतून येईपर्यंत तुमचंही बटण रोखून धरायचं. नेट डळमळलं की गेम चिखलात चालल्यासारखा. मघाशी सांगितलेलं इलेक्ट्रिक तसल्या चिखलात पाडून दाखवा. मग २००६ च्या सुमारास टोनी कॅनन या गृहस्थाने, एव्हो ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा भरवणाऱ्यांपैकीच एक, जीजीपीओ नावाची वेगळी पद्धत आणली. तिला रोलबॅक म्हणतात. त्यात गेम थांबत नाही. समोरच्याची बातमी यायची असेल तर गेम स्वतःच धरून चालतो की तो मघाशी करत होता तेच करतोय. चालत होता, चालतोय. बसला होता, बसलाय. बहुतेक वेळा हे खरं निघतं, कारण साठाव्या भागात माणूस काय मोठा निर्णय घेतो? खोटं निघालं तर गेम गुपचूप तेवढ्या फ्रेम मागे जातो, दुरुस्त करतो आणि परत पुढे येतो. तुम्हाला फक्त समोरचा किंचित टुणकन उडाल्यासारखा दिसतो.

स्ट्रीट फायटर ६ मध्ये रोलबॅक आहे. तेव्हा ठाणे ते नाशिक खेळताना लॅगचं कारण चालणार नाही. माझं चालेल. सॅन होजे ते मुंबई सरळ रेषेत जवळपास साडेतेरा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे तार अगदी सरळ टाकली तरी एका बाजूने चार फ्रेम गेल्याच, आणि सरळ तार कोणी टाकलेली नाही. पुण्यातल्या भावाशी मी खेळतो तेव्हा आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या मॅच खेळत असतो, आणि दोघांत मी हरतो.

---

टाकीवरचा_कावळा, रात्री ८.१५

लॅगचं कारण गेलं. पण एक तक्रार शिल्लक आहे. मला हरवणाऱ्यांच्या नावापुढे बऱ्याचदा एम अशी खूण असते. मॉडर्न कंट्रोल. मी वरच्या ठोशासाठी पुढे, खाली, तिरकं असा अंगठा घासतो आणि तो एक बटण दाबून तेच करतो. ही काय पद्धत झाली? मग आम्ही फोड कशाला आणले?

---

बारक्या२००४, रात्री ८.२०

मी मॉडर्न खेळतो. एका बटणाने काढलेल्या स्पेशल फटक्याचा मार २० टक्के कमी बसतो, काही साधे फटके तर मिळतच नाहीत. फुकट काही नाही, काका.

---

वऱ्हाडी_ठेचा, रात्री ८.४१

मी पण मॉडर्न. डाव्या हाताची दोन बोटं लेथवर गेली, २०१५ साली. अंगठा राहिला पण गोल फिरत नाही. २०२३ मध्ये हा गेम आला तेव्हा आठ वर्षांनी पहिल्यांदा माझ्या हातून हाडूकेन, तो आगीचा गोळा, निघाला. घरात सांगितलं तं कोणाले कळलं नाही कायचा एवढा आनंद झाला.

---

टाकीवरचा_कावळा, रात्री ८.४४

भाऊ, माफ करा. वरची तक्रार रद्द समजा.

---

वऱ्हाडी_ठेचा, रात्री ८.५०

माफी कायची. तुम्हाले भेटलो तं त्याच हाताने हाणतो.

---

मेघमल्हारी, रात्री १०.०५

मूळ प्रश्न राहिला बाजूला. एवढं होऊनही माणूस परत का लावतो?

नेहमीची उत्तरं मला पुरत नाहीत. "हरलो तर दोष आपलाच, म्हणून शुद्ध खेळ" वगैरे. बुद्धिबळातही दोष आपलाच असतो, मी बुद्धिबळ दोन महिन्यांत सोडलं.

मला वाटतं आपल्याला समोरचा माणूस हवा असतो. कावळेबुवांच्या केनने त्यांना तीन फटक्यांत ओळखलं. हा माणूस तिसऱ्यांदा घाबरतो, हे त्याला कळलं. अनोळखी माणसाने इतक्या लवकर आपल्याला ओळखणं अपमानाचं आहे, आणि खरं सांगायचं तर थोडं सुखाचंही. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ओळखलं आणि न बोलता निघून गेला. पार्लरमध्ये तो शेजारी उभा असायचा. आमच्या आतेभावाने एडीवर बंदी घातली, पण त्याच रात्री गच्चीवर त्यानेच मला सांगितलं, "तू मार खाल्लास की लगेच लाथ मारतेस. एकदा थांबून बघ." या गेमबद्दल मला मिळालेला सगळ्यात चांगला सल्ला हाच, आणि तो मला हरवणाऱ्याने दिला.

लाहोरचं उदाहरण घ्या. २०१९ पर्यंत टेकनच्या जगात पाकिस्तान कोणाच्या खिजगणतीत नव्हता. कोरिया आणि जपान, संपलं. त्या फेब्रुवारीत अर्सलान अॅश नावाचा लाहोरचा मुलगा फुकुओकाला एव्हो जपान जिंकला. ऑगस्टमध्ये लास वेगासला कोरियाच्या नी या दिग्गजाला हरवून मोठी एव्होही जिंकला. आणि वर सांगत होता की माझ्या तोडीचे आणखी आहेत घरी. लोकांना थट्टा वाटली. नी स्वतः पाकिस्तानात खेळायला गेला आणि थट्टा नाही हे बघून आला. अर्सलान पुढे २०२३ आणि २०२४ मध्येही जिंकला. ही पोरं एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर, शेजारी बसून घासत होती. हरवायचं आणि सांगायचं, हरवायचं आणि सांगायचं. आपल्याकडची पार्लरं बंद पडली तेव्हा आपलं नेमकं हेच गेलं.

---

फोंड्याचो, रात्री १०.३०

दाइगोचा तो व्हिडिओ आठवला. काही लाइफ शिल्लक नाही आणि पंधरा लाथा अडवून फायनल जिंकतो. हॉलमध्ये लोक खुर्च्यांवर चढलेत. मी अजून महिन्यातून एकदा बघतो.

---

पन्हाळ्याचा_पाहुणा, रात्री १०.४२

थोडी दुरुस्ती. ती फायनल नव्हती. एव्हो २००४, कॅलिफोर्नियातलं पोमोना, स्ट्रीट फायटर ३ थर्ड स्ट्राइक, लूझर्स फायनल, म्हणजे आधी एकदा हरलेल्यांमधली शेवटची मॅच. दाइगो उमेहाराचा केन, जस्टिन वाँगची चुन-ली. दाइगोची लाइफ इतकी कमी की नुसतं अडवलं असतं तरी घासून मेला असता. मग एकच रस्ता, पॅरी. म्हणजे फटका लागायच्या क्षणाला मागं नाही, पुढं दाबायचं. मार येतोय त्या दिशेनं. पंधरा वेळा. आणि पहिलं तर लाथ दिसायच्या आधी, अंदाजानं. शेवटची लाथ उडी मारून हवेत घेतली आणि मग खाली येऊन चुन-लीला संपवलं.

पण पुढची फायनल दाइगो हरला. हे कोणाच्या लक्षात नसतं. मला तो भाग जास्त आवडतो.

रच्याकने, हे कॉम्बो नावाचं प्रकरणच मुळात अपघात. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये गाडी फोडायचा बोनस असतो ना, तो तपासताना बनवणाऱ्यांना दिसलं की एका फटक्याला लागून दुसरा बसतोय. चूक होती. काढायला नको म्हणाले, राहू दे लपलेली. त्या न काढलेल्या चुकीवर आज आपण सगळे रात्रीचे जागतोय.

---

आजोबा_ऑनलाइन, रात्री १०.५५

व्हिडिओ बघितला. तीनदा. मला काही कळलं नाही, पण तो गलका ऐकून अंगावर काटा आला.

वयाचं काय? सगळे विशीतले दिसतात.

---

सॅनहोजेकर, रात्री ११.१०

हांगझोऊचे आशियाई खेळ, २०२३. स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी घेतलं. वय ४४.

---

टाकीवरचा_कावळा, रात्री ११.११

चव्वेचाळीस! माझ्याकडे एक वर्ष आहे.

---

पन्हाळ्याचा_पाहुणा, रात्री ११.१५

कावळेबुवा, वर्षाचं राहू द्या. उद्या रात्री मोकळे आहात का? रूम उघडतो. मी कॉम्प्युटरवर, तुम्ही प्लेस्टेशनवर, चालतंय. पहिला जो दहा जिंकेल तो. फोन चालू ठेवा, कॉलवर बोलत खेळू.

---

टाकीवरचा_कावळा, रविवार, रात्री १२.२०

झालं. १० विरुद्ध १. एक माझा.

सविस्तर लिहितो, कारण झोप येत नाहीये.

पहिल्या चार मॅचमध्ये पाहुण्याने मला अक्षरशः धुतलं. पाहुणा कोल्हापुरी, आणि खेळताना तोंड बंद नाही. "आता बघा हं, मी येतोय हं, आलो बघा." आणि खरंच येतो. चौथ्या मॅचनंतर थांबला. म्हणाला, "एक सांगू का? राग मानू नका. तुमची लाइफ निम्म्याच्या खाली गेली की तुम्ही उडी मारता. दरवेळी. मी निम्म्यापर्यंत मारतो आणि मग नुसता उभा राहतो."

मी म्हटलं, छे. त्याने रिप्ले लावायला सांगितलं. दोघांनी फोन कानाला धरून रिप्ले बघितला. चार मॅच, नऊ वेळा. पट्टी निम्म्याला आली की माझा धालसिम (हो, घेतलाच) हवेत. स्वतःला इतकं स्वच्छ मी आरशातही बघितलेलं नाही. ऑफिसातही मी हेच करतो, पण ते इथे नको.

पाचवीपासून निम्म्याला आलो की दात आवळून जमिनीवर बसलो. तरी हरलो, पण वेगळ्या कारणांनी. आठवीत त्यानेच कंटाळून उडी मारली. मी बघितली. म्हणजे खरंच डोळ्यांनी बघितली, पाऊण सेकंद केवढा मोठा असतो हे तेव्हा कळलं. लांब लाथ वर टाकली आणि पाहुणा धप्पकन खाली. फोनवर तो माझ्यापेक्षा जोरात ओरडला, "आयला, लागली की!" ती मॅच मी जिंकलो.

मुलगी पाणी प्यायला उठली होती. दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, तू कोणाशी बोलतोयस?" मी म्हटलं, "मित्राशी." पाहुण्याचं खरं नाव मला अजून माहीत नाही.

---

बारक्या२००४, रात्री १२.३१

धालसिमने अँटी-एअर, उडी मारणाऱ्याला हवेतच पाडलं! काका, अंगठ्याचं काय?

---

टाकीवरचा_कावळा, रात्री १२.३३

फुटला. बँडेड लावून खेळलो.

---

वऱ्हाडी_ठेचा, रात्री १२.४०

पुढच्या शनिवारी माझा नंबर. बँडेडचा डबा घेऊन बसजा.

---

टाकीवरचा_कावळा, रात्री १२.४१

दहाला?

---

वऱ्हाडी_ठेचा, रात्री १२.४२

साडेदहा. दहापर्यंत शिफ्ट आहे.